महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या : सोलापूर जिल्ह्यातील वाटा आणि अडचणी

बारावीचा निकाल लागला की सोलापूर शहरातील तसेच तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांच्या आवारात पालकांची वर्दळ सुरू होते. कोणी बार्शीहून आलेला असतो, कोणी अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून. मुलाला अथवा मुलीला प्रवेश मिळेल किंवा नाही, ही त्यांची पहिली चिंता असते. प्रवेश निश्चित झाला की शुल्क कोठून भरावयाचे, वसतिगृहाचा व खाणावळीचा खर्च कसा भागवावयाचा, ही दुसरी व अधिक दीर्घ चिंता सुरू होते. या दुसऱ्या चिंतेवर शासनाच्या अनेक योजनांत उत्तर आहे. परंतु ते उत्तर ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत ते वेळेवर पोहोचतेच असे नाही. दाखला उशिरा मिळाला, अर्ज अपुरा राहिला किंवा योजनेचे नावच ठाऊक नव्हते, एवढ्याशा कारणांनी गरजू विद्यार्थ्यांचे शिक्षण अडते. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व स्थानिक अधिकारी यांनी लक्ष घातल्यास यांपैकी बहुतेक अडचणी गावातच दूर होण्यासारख्या आहेत.

जुनी परंपरा

होतकरू विद्यार्थ्यास समाजाने हात द्यावा, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांचे जाळे उभारले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा व शिका' हा मंत्र देऊन श्रमाच्या बळावर उच्च शिक्षण घेण्याची वाट दाखविली.

या परंपरेत सोलापूरचे स्थान महत्त्वाचे आहे. डॉ. आंबेडकर यांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली आणि अवघ्या काही महिन्यांत, जानेवारी १९२५ मध्ये, या सभेने दलित विद्यार्थ्यांसाठी सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. सोलापूर नगरपालिकेनेही त्यास अनुदान दिले. केवळ शुल्क माफ करून भागत नाही, तर विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली तरच तो शिकू शकतो, हे तत्त्व या वसतिगृहामागे होते. स्थानिक स्वराज्य संस्थेने त्यात आपला वाटा उचलावा, हा धडाही त्यातून मिळतो. आजच्या योजनांचा विचार करतानाही ही दोन सूत्रे उपयोगी पडतात.

पुढे १९४४ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना जातीचा विचार न करता आर्थिक दुर्बलतेच्या आधारे शुल्कमाफी देण्यात आली. 'ई.बी.सी.ची सवलत' या नावाने ती घरोघरी परिचित झाली. आजच्या बहुतेक योजना या दोन प्रवाहांतूनच विस्तारल्या आहेत.

प्रमुख योजना

पहिला वर्ग मागासवर्गीयांसाठीच्या योजनांचा आहे. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत आहे, त्यास भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. तीत सक्तीचे शुल्क तसेच शैक्षणिक भत्ता अंतर्भूत आहे. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या भत्त्यासाठी अभ्यासक्रमांचे चार गट पाडण्यात आले. वैद्यकीय, अभियांत्रिकी यांसारख्या पहिल्या गटातील अभ्यासक्रमांस वसतिगृहात राहणाऱ्यासाठी वार्षिक १३,५०० रुपये व घरून येणाऱ्यासाठी ७,००० रुपये असा दर ठरला. तिसऱ्या गटात, म्हणजे सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमांत, हेच दर अनुक्रमे ६,००० व ३,००० रुपये असे आहेत. उत्पन्न अडीच लाखांहून अधिक असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रदानाची स्वतंत्र योजना आहे. अकरावी-बारावीत शिकणाऱ्या व दहावीस ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी त्या त्या विभागाच्या समांतर योजना असून त्यांच्या उत्पन्नमर्यादा निरनिराळ्या आहेत. त्यामुळे एका प्रवर्गाचा नियम दुसऱ्यास लावून विद्यार्थ्यास परत पाठविणे योग्य नव्हे.

दुसरा वर्ग आर्थिक निकषावरील योजनांचा. खुल्या प्रवर्गातील, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तीत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासन देते. या क्षेत्रातील अलीकडचा महत्त्वाचा निर्णय जुलै २०२४ मधील होय. त्यानुसार शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के सवलत देण्यात आली. मात्र हा प्रवेश केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेणाऱ्या मुलीस ही सवलत मिळत नाही. प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच पालकांना ही गोष्ट सांगणे अगत्याचे आहे, कारण नंतर त्यावर उपाय राहत नाही.

तिसरा वर्ग निवासाच्या साहाय्याचा. सोलापूर शहरात शिकावयास आलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यास शुल्कापेक्षा खोलीभाडे व खाणावळ यांचाच भार अधिक जाणवतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना राबविली जाते. प्रारंभी शहराच्या वर्गवारीनुसार वार्षिक ४३ हजार ते ६० हजार रुपये असे तिचे दर ठरविण्यात आले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या कक्षेतील विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहे. नोंदणीकृत मजूर व अल्पभूधारक शेतकरी यांच्या पाल्यांस डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा आधार आहे.

चौथा वर्ग गुणवत्तेवर आधारलेल्या केंद्रीय योजनांचा. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळात ८० पर्सेंटाइलहून वर असणाऱ्या व साडेचार लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यास केंद्राच्या शिष्यवृत्तीतून पदवीच्या काळात वार्षिक १२ हजार रुपये मिळू शकतात. येथे पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभरांपैकी ऐंशी विद्यार्थी ज्याच्या मागे आहेत तो या मर्यादेत येतो, मग त्याचे प्रत्यक्ष गुण ऐंशी टक्क्यांहून कमी असले तरी चालतात. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे पात्र विद्यार्थी अर्जच करीत नाहीत. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी 'प्रगती' व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 'सक्षम' या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या शिष्यवृत्त्यांतून वार्षिक ५० हजार रुपये मिळतात.

कामगारांच्या मुलांसाठी

सोलापूरचे वैशिष्ट्य म्हणजे येथील कामगार वस्ती. १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या शहराने दूरदूरच्या विणकरांना व मजुरांना सामावून घेतले. गिरण्या बंद पडल्या तरी यंत्रमाग, चादरी व टॉवेल यांचा व्यवसाय चालू राहिला. घरोघरी बिडी वळणाऱ्या स्त्रियांनी अनेक संसार सावरले. शहराच्या पूर्व भागात व कुंभारी परिसरातील वसाहतींत अशी शेकडो कुटुंबे आहेत. बाप यंत्रमागावर, आई बिडीकामात आणि मुलगी महाविद्यालयात, असे दृश्य येथे नवल वाटण्याजोगे नाही.

बिडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्यान्वये कल्याण निधी उभारण्यात आला. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या शिक्षण साहाय्य योजनेखाली बिडी कामगारांच्या पाल्यांस इयत्तेनुसार वार्षिक १,००० ते २५,००० रुपये मिळतात. पदवी अभ्यासक्रमास ६,००० रुपये व व्यावसायिक पदवीस २५,००० रुपये असा दर आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचा असतो. यासाठी आईचे अथवा वडिलांचे बिडी कामगार ओळखपत्र ही मुख्य गोष्ट होय. ज्या घरात ते काढलेलेच नाही किंवा ज्यावरील नाव आधारपत्रावरील नावाशी जुळत नाही, तेथे सर्व पात्रता असूनही अर्ज अडतो. सोलापुरात तेलुगू व कन्नड भाषिक कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या आडनावांचे व घराण्याच्या नावांचे लेखन निरनिराळ्या कागदांवर निरनिराळे झालेले असते. एका कागदावर घराण्याचे नाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर केवळ आद्याक्षर, असा प्रकार आढळतो. माणसाला हा फरक सहज समजतो, पण संगणकास तो समजत नाही. म्हणून नावातील दुरुस्ती दहावीपूर्वीच करून घेणे श्रेयस्कर.

बांधकाम मजुरांची गोष्टही अशीच आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन पाल्यांस पदवी शिक्षणासाठी वार्षिक २० हजार, अभियांत्रिकीसाठी ६० हजार व वैद्यकीय शिक्षणासाठी एक लाख रुपये साहाय्य आहे. परंतु गवंडी किंवा बिगारी म्हणून वर्षानुवर्षे राबणाऱ्या अनेकांची मंडळाकडे नोंदच झालेली नसते. नोंदणीसाठी मागील वर्षभरात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ग्रामसेवकाने ते वेळेवर तपासून दिल्यास एका घरातील मुलाचे शिक्षण मार्गी लागू शकते. याशिवाय कामगार कल्याण निधीत वर्गणी भरणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची शिष्यवृत्ती आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. एकाच शिक्षणासाठी दोन शासकीय शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येत नाहीत, असा अनेक योजनांचा नियम आहे. विशेष मागास प्रवर्गातील पद्मशाली समाजाच्या एखाद्या मुलीची आई बिडी कामगार असेल, तर तिच्यापुढे दोन वाटा उघड्या असतात. कोणत्या वाटेने शुल्काचा मोठा भाग भागेल, याचा हिशेब करूनच अर्ज करावा. मोठी रक्कम सोडून लहान रक्कम स्वीकारली, असे केवळ अज्ञानामुळे घडू नये.

दाखल्यांचा प्रश्न

शिष्यवृत्तीचा खरा अडसर बहुधा दाखल्यांत असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, आवश्यक तेथे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, मागील परीक्षेची गुणपत्रिका, शिधापत्रिका व बँकेचे खाते ही त्यांची साधारण यादी होय. यांपैकी उत्पन्नाचा दाखला अलीकडच्या आर्थिक वर्षाचा लागत असल्याने तो पूर्वीच काढून ठेवून चालत नाही. उलट जातीचे प्रमाणपत्र व वैधता प्रमाणपत्र ही एकदाच काढावयाची असतात व त्यांनाच सर्वांत अधिक काळ लागतो.

सोलापुरातील स्थलांतरित कुटुंबांच्या बाबतीत जातीच्या प्रमाणपत्रात एक विशेष मुद्दा उद्भवतो. अर्जदाराचे वडील, आजोबा किंवा त्यांचे पूर्वज मानीव दिनांकास महाराष्ट्रात राहत होते, हे सिद्ध करावे लागते. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्ग यांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या सोलापुरात गेल्या त्यांना हा पुरावा मिळणे अशक्य नसते. आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा, नगरपालिकेकडील जन्म-मृत्यूची जुनी नोंद, गावचा नमुना क्रमांक १४, गिरणीतील नोकरीचे कागद यांतून तो हाती लागतो. शाळांच्या मुख्याध्यापकांनी जुन्या नोंदवह्या नीट जतन केल्या व उतारे विनाविलंब दिले, तर त्यांच्या हातून मोठेच कार्य घडेल. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर नातवाचे वैद्यकीय शिक्षण अवलंबून असू शकते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये दाखले देण्यास मुदत ठरवून दिलेली आहे. त्या मुदतीत दाखला न मिळाल्यास वरिष्ठांकडे अपील करता येते. अर्ज दिल्याची पोच घेणे व तीवरील दिनांक जपून ठेवणे, ही त्यासाठीची पहिली पायरी होय. बहुसंख्य पालक पोच घेतच नाहीत आणि मग विलंबाचा पुरावाही उरत नाही.

अर्जापासून खात्यापर्यंत

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या संगणकीय पोर्टलवर भरावयाचे असतात. विद्यार्थ्याने अर्ज सादर केला की तो प्रथम महाविद्यालयातील लिपिकाकडे तपासणीसाठी येतो, त्यानंतर प्राचार्यांकडे, पुढे संबंधित विभागाच्या जिल्हा अथवा विभागीय कार्यालयाकडे जातो. अनुसूचित जातीच्या अर्जांसाठी समाज कल्याण विभागाचे सहायक आयुक्त, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प आणि उच्च शिक्षण विभागाच्या योजनांसाठी विभागीय सहसंचालक, अशी सोलापुरातील कार्यालये आहेत.

या साखळीत अर्ज तीन ठिकाणी अडकतो. पहिले ठिकाण महाविद्यालयाचे. एखादा कागद अस्पष्ट असल्यास अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे परत पाठविला जातो, पण त्याची सूचना केवळ भ्रमणध्वनीवर येते. तो क्रमांक बदललेला असतो किंवा सेवा केंद्रचालकाने स्वतःचाच क्रमांक नोंदविलेला असतो. मुदत निघून गेल्यावर विद्यार्थ्यास ते कळते. दुसरे ठिकाण बँकेचे. रक्कम आधारशी संलग्न असलेल्या खात्यात जमा होते. एखाद्याची दोन-तीन खाती असल्यास ज्या खात्याची संलग्नता शेवटी नोंदविली गेली त्यातच ती जाते. पैसे आले नाहीत म्हणून विद्यार्थी हेलपाटे घालीत असतो आणि ते गावाकडील दुसऱ्या बँकेच्या खात्यात पडून असतात. तिसरे ठिकाण नूतनीकरणाचे. पहिल्या वर्षी मंजूर झालेली शिष्यवृत्ती पुढे आपोआप चालू राहत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो व पुरेशी उपस्थितीही लागते.

आणखी एक गोष्ट पालकांना समजावून सांगितली पाहिजे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते व ते विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरावयाचे असते. घरातील निकडीपायी ती रक्कम खर्च झाली, तर पुढे शुल्क थकते आणि गुणपत्रिका व दाखले मिळविताना कुटुंब अडचणीत येते. खात्यात आलेल्या रकमेतील शुल्क किती व भत्ता किती, हे महाविद्यालयानेच विद्यार्थ्यास लेखी कळवावे, हे उत्तम.

स्थानिक साहाय्य

शासकीय योजनांच्या पलीकडेही काही वाटा आहेत. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी २० टक्के निधी राखून ठेवावयाचा असतो. ग्रामपंचायतींनीही आपल्या उत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. वर्षअखेरीस घाईने भांडी व सतरंज्या खरेदी करण्यापेक्षा, नियमांच्या चौकटीत राहून, गावातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस पुस्तके, सायकल किंवा शैक्षणिक साहित्य देता येईल काय, याचा विचार ग्रामसभेने वर्षाच्या प्रारंभीच करावा.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत 'कमवा व शिका' योजनेतून विद्यार्थ्यांना काम व मानधन मिळते. संगमेश्वर, दयानंद यांसारख्या जुन्या महाविद्यालयांतून शिकून गेलेल्या पिढ्या आज सर्वत्र आहेत. अशा माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून दिली जाणारी पारितोषिके व साहाय्य यांची माहिती महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत असते. ती वाचली मात्र क्वचितच जाते. शैक्षणिक साहाय्य हा ज्यांचा उद्देश आहे अशा सार्वजनिक न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या येथील कार्यालयात असते. जिल्ह्यातील शैक्षणिक न्यासांची यादी तयार करून ती महाविद्यालयांत लावणे हे एखाद्या शिक्षकास किंवा ग्रंथपालास सहज करता येण्याजोगे काम आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. प्रत्येक गावात दहावी व बारावीच्या वर्गांत असलेल्या मुलामुलींची यादी ग्रामपंचायतीने जानेवारीतच करावी. त्या यादीत प्रत्येकापुढे जातीचे प्रमाणपत्र आहे काय, वैधता आहे काय, आईवडिलांची कामगार म्हणून नोंद आहे काय, बँक खाते आधारशी जोडलेले आहे काय, एवढेच चार रकाने असावेत. रिकामा रकाना दिसला की त्याच महिन्यात तो भरण्यास घ्यावा. बारावीच्या वर्गशिक्षकाने पर्सेंटाइलची, नूतनीकरणाची आणि दोन शिष्यवृत्त्यांच्या नियमाची माहिती निरोप समारंभापूर्वी एका तासिकेत द्यावी. गावच्या सेवा केंद्रचालकास अर्जात विद्यार्थ्याचाच भ्रमणध्वनी क्रमांक नोंदविण्याची ताकीद द्यावी.

शिष्यवृत्ती ही विद्यार्थ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे. परंतु कागदाअभावी तो हक्क निष्फळ ठरू शकतो. १९२५ मध्ये सोलापूरच्या नगरपालिकेने एका वसतिगृहास हात दिला, तेव्हा साधने आजच्यापेक्षा कितीतरी तुटपुंजी होती. आज योजना आहेत, निधी आहे, कायद्याने ठरवून दिलेली मुदतही आहे. उणीव आहे ती वेळेवर सांगणाऱ्याची. बिडी वळणाऱ्या आईची मुलगी शुल्काअभावी घरी बसली, असे आपल्या गावात घडू द्यावयाचे नाही, एवढा निर्धार शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी केला तर ती उणीव भरून निघेल.